मोराचा टॉवेल

जूनचा पहिला आठवडा सरला की आमच्या गावात दाराच्या मुठी हातात धरवत नाहीत. गाडीच्या स्टीअरिंगवर ओला नॅपकिन टाकून ठेवावा लागतो. थंड पाण्याचा नळ सोडला तर पहिली पाच मिनिटं आंघोळीचं पाणी येतं, आणि सकाळी उठून नाक शिंकरलं की रुमालाला थोडं रक्त लागतं. मी मूळची सोलापूरची. उन्हाचं कौतुक मला कुणी सांगू नये, असं माझं कितीतरी वर्षं मत होतं. पण सोलापूरचं ऊन निदान घाम काढून माणसाला सावध करतं. इथे ॲरिझोनात घाम दिसायच्या आधीच वाळून जातो. आपण सुकत चाललोय, हे ज्याचं त्याला कळत नाही.

यंदाही जून आला आणि गल्लीतल्या पोर्चच्या कठड्यांवर टॉवेल दिसायला लागले.

नियम साधा आहे. ज्याचं वय झालंय आणि जो घरात एकटा असतो, त्याने उन्हाळाभर सकाळी सातच्या आत कठड्यावर टॉवेल टाकायचा. दिवस मावळला की आत घ्यायचा. सकाळी टॉवेल दिसला म्हणजे माणूस उठलाय, हिंडतोफिरतोय. संध्याकाळी कठडा मोकळा झाला म्हणजे दिवस निभला. गल्लीतलं एक कुणीतरी यावर नजर ठेवतं. त्याच्याकडे या सगळ्या घरांच्या किल्ल्यांचा जुडगा असतो. आठ वाजले तरी कठडा रिकामा असेल, तर त्याने जाऊन दार वाजवायचं. आतून ओ आली नाही तर किल्लीने उघडायचं. गेली अकरा वर्षं तो जुडगा माझ्याकडे आहे. तो माझ्याकडे कसा आला, हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

गावाचं नाव दोस पोसोस. म्हणजे दोन विहिरी. दोन्हींना आता पाणी नाही. एक बुजवून तिथे झेंड्याचा खांब उभा केलाय, दुसरीवर लोखंडी जाळी आहे. पूर्वी वाफेची इंजिनं इथे पाणी प्यायला थांबायची, म्हणून गाव वसलं. मग टेकडीत तांबं सापडलं, खाण आली, तीन पाळ्यांत काम चालू झालं. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपणार; म्हणून त्याची बायको कठड्यावर पांढरं फडकं टाकायची. फडकं दिसलं की पोरं त्या घरासमोर खेळत नसत, फेरीवाले पुढे जात, पाद्रीसुद्धा नंतर यायचा. पुढे खाण बंद पडली. तरणी माणसं फिनिक्सला गेली, म्हातारी राहिली, आणि फडकंही राहिलं. कुणी सभा घेऊन ठरवलं नाही, पण त्याचा अर्थ पालटला. पूर्वी ते सांगायचं की आत माणूस झोपलाय. आता सांगतं की आत माणूस जागा आहे. दोन्हींचा मतलब मात्र एकच, दार वाजवू नका. हा मतलब माझ्या डोक्यात तेव्हा शिरला असता, तर हे लिहायची वेळ आली नसती.

मी इथे आले ती हौसेने नाही. परदेशी डॉक्टरला शिक्षणानंतर या देशात राहायचं असेल, तर जिथे दुसरा डॉक्टर जायला तयार नसतो अशा गावात तीन वर्षं काढायची, असा एक रस्ता असतो. त्याला सगळे वेव्हर म्हणतात. माझ्या वाट्याला दोस पोसोसचा चार खोल्यांचा दवाखाना आला. नवरा मिलिंद फिनिक्सला सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी सई तिथल्या शाळेत पहिलीत. दोघं शनिवार-रविवारी अडीच तास ड्राइव्ह करून यायचे. क्षीरसागर हे आडनाव इथे कुणाला उच्चारता आलं नाही, म्हणून मी ‘डॉक्टर के’ झाले. वाळवंटात येऊन राहिलेल्या बाईचं आडनाव क्षीरसागर, हा विनोद त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न मी एकदाच केला.

माझ्या शेजारच्या घरात वॉल्ट राहायचा. खाणीच्या मालगाडीचा ड्रायव्हर होता, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आणि रस्त्यापलीकडे, अगदी समोर, दोलोरेस. आधी खाणीच्या कँटीनमध्ये आणि नंतर शाळेत तिने स्वयंपाक केला. तेव्हा सत्तरी नुकतीच ओलांडलेली. किल्ल्यांचा जुडगा कमरेच्या पट्ट्याला, आपल्याकडे घरच्या कर्त्या बाईच्या असायचा तसा. सकाळी सातला कॉफीचा मग हातात धरून ती गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, आणि दिवस मावळताना पुन्हा एकदा. मला ‘मिहा’ म्हणायची, म्हणजे पोरी. मी तिला तोंडावर दोलोरेस म्हणत असे, पण मनात ती पहिल्या महिन्यातच काकू झाली होती.

पहिल्या हिवाळ्यात मी सोलापूरला जाऊन आले. अमेरिकेला निघालेल्या माणसाच्या बॅगेत लोक लाडू-चिवडा भरतात, आमच्याकडे टॉवेल भरतात. बाबांचं सगळं आयुष्य यंत्रमाग दुरुस्त करण्यात गेलं. टर्किश टॉवेल हातात घेतला की तो कुणाच्या कारखान्याचा, ते अंगठ्याने चोळून सांगायचे. जमिनीवर पडलेला टॉवेल त्यांना दिसला तर घरात कुणाची खैर नसे. “विणणाऱ्याची पाठ मोडलेली असते त्यात, पायात येऊ देऊ नका,” म्हणायचे. आईने अकरा टॉवेल कोंबून दिले. ते मी गल्लीतल्या म्हाताऱ्यांना वाटले. वॉल्टच्या वाट्याला मोराचा आला, मोहरीसारखा पिवळा, त्यावर तपकिरी मोर, पिसारा पार काठापर्यंत. त्याने तो कठड्यावर पसरला, चार पावलं मागे गेला आणि म्हणाला, “डॉक्टर के, एवढा भडक टॉवेल! आता मी मेलो तर चंद्रावरून कळेल.”

महिन्याच्या पहिल्या रविवारी जुन्या रेल्वे स्टेशनात गावजेवण असायचं, अजून असतं. दोलोरेस पातेलंभर राजम्यासारखे पिंटो बीन्स शिजवायची. मी सोलापुरी शेंगाचटणी न्यायची आणि वॉल्ट ती टॉर्टियाच्या पोळीला लोण्यासारखी फासायचा, मग डोळ्यांतून पाणी काढत दुसरी मागायचा. ओल्या कूलरचा वास यायचा. इथे कूलरला वाळ्याचे नाहीत, कुठल्याशा झाडाच्या भुश्शाचे पडदे असतात. पण डोळे मिटले तर आईच्या माहेरची दुपार आठवायची. इथली मेस्किटची काटेरी झाडं म्हणजे तर आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. मला वाटायला लागलं होतं की आपण काही फार लांब आलेलो नाही. आणि त्याच भरवशावर मी पुढे चुकले.

दुसऱ्या वर्षीचा जून. दुपारी वारा सुटला, इथे सुटतो तसा, कोरडा आणि वाळूचा. संध्याकाळी सहाला मी दवाखान्यातून आले तर माझ्या कुंपणाच्या मेस्किटला वॉल्टचा टॉवेल अडकलेला. मोर तोंडावर मातीत. माझे हात बाबांचे. मी काटे काढले, टॉवेल झटकला, तरी वाळू निघेना. तसाच नेऊन द्यावा म्हणून त्याच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. आत टीव्हीवर बेसबॉल चाललं होतं. वॉल्ट पंचाला शिव्या देत होता. मग वाटलं, असा मळका काय द्यायचा? शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही आपली रीत. मी तो घरी आणला, धुतला, मागच्या दोरीवर टाकला. त्या हवेत तो तासाभरात वाळला.

दुसऱ्या दिवशी उन्हामुळे दवाखाना लवकर उघडायचा होता. पावणेसहाला मी गाडीची किल्ली एका हातात आणि घडी केलेला टॉवेल दुसऱ्या हातात घेऊन निघाले. म्हाताऱ्याची झोप कशाला मोडा? मी टॉवेल त्याच्या कठड्यावर पसरला, पुन्हा उडू नये म्हणून दोन टोकांना दोन चिमटे लावले, आणि मोर रस्त्याकडे सरळ दिसेल असा ओढून नीट केला. चांगलं काम केल्याचं समाधान घेऊन गाडीत बसले.

टॉवेलचा नियम मला पाठ होता. कुणी विचारला असता तर झोपेत सांगितला असता. पण दुसऱ्याच्या टॉवेलला हात लावायचा नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच कुणाला वाटली नव्हती, आणि मला ते सुचलं नाही. माझ्या लेखी तो सोलापूरचा टॉवेल होता, आणि टॉवेल जागच्या जागी ठेवायचा असतो. त्या सकाळी वॉल्टच्या कूलरचा आवाज येत नव्हता. तो येत नाहीये हे मला तेव्हा जाणवलं होतं का, हे मी स्वतःला अजून विचारते.

दोलोरेस सातला चालत आली, मोर पाहिला, पुढे गेली. संध्याकाळी पुन्हा आली तेव्हा दिवस मावळला तरी टॉवेल बाहेरच. तिने दार वाजवलं, मग किल्लीने उघडलं, मग मला हाक मारली. मी नुकतीच घरी आले होते.

वॉल्ट बाथरूम आणि खोली यांच्या मधल्या बोळात पडला होता, अंगावर रात्रीचे कपडे. कमरेचं हाड मोडलेलं. कूलरचा पंप अडकून बंद पडलेला. रात्री तो पडला, पण गेला रात्री नाही. गेला दुपारी. डॉक्टरला हे कळतं. पडलेल्या जागेपासून तो दाराच्या दिशेने हातभर सरकला होता. आठ वाजता दोलोरेस दार वाजवणार, हे त्याला ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी मी मिलिंदला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, “हे बघ, तू टॉवेल लावलास, बस. यू डिडन्ट किल हिम. आत्ता तोंड उघडलंस तर लॉयर, मेडिकल बोर्ड, सगळं मागे लागेल. वेव्हर संपायला अजून सोळा महिने आहेत यार. जॉब गेला तर व्हिसा गेला. सईला घेऊन कुठे जायचं आपण?” मी गप्प बसले. याचं खापर मी मिलिंदवर फोडणार नाही. मला हेच ऐकायचं होतं, म्हणूनच मी त्याला फोन केला होता.

अंत्यविधीनंतर स्टेशनच्या हॉलमध्ये सगळे जमले. दोलोरेस उभी राहिली आणि सरळ सांगितलं, “आदल्या संध्याकाळी कठडा मोकळा होता. सकाळी सातला टॉवेल होता. दोन्ही वेळा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.” माणसं एकमेकांकडे बघायला लागली. वॉल्ट रात्रीच पडला होता, तर सकाळी टॉवेल कोण लावणार? याचा अर्थ टॉवेल रात्रभर बाहेरच होता. संध्याकाळी तो आत घेतला गेला नाही हे तिला दिसलं नाही, आणि सकाळी कालचाच टॉवेल तिने आजचा समजला. हिशेब चोख जुळत होता. तो चुकतोय हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, मांडीवर शेंगाचटणीचा डबा.

इथली माणसं आरडाओरडा करत नाहीत. कुणीतरी अगदी मायेने म्हणालं, “वय होतं, दोलोरेस. आम्हा सगळ्यांचंच होणार आहे.” ते ऐकून तिने पट्ट्याचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. मी तरुण, मी डॉक्टर, मी शेजारी. “डॉक्टर के, तुम्ही सांभाळाल?” मी उठले, टेबलापाशी गेले आणि जुडगा उचलला. किल्ल्या तिच्या अंगाने गरम होत्या.

आतापर्यंतचं सगळं एक वेळ चूक म्हणता येईल, भीती म्हणता येईल. पुढचं म्हणता येत नाही.

महिन्याभराने दोलोरेस दवाखान्यात आली. चांगला ड्रेस घातला होता, डोक्यावरची हॅट काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाली, “मिहा, माझे डोळे तपास.” मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दाखवला. तिने सगळ्यात खालची ओळ वाचली. डावा डोळा झाकून वाचली, उजवा झाकून वाचली. “आता डोकं तपास,” म्हणाली. मी तीन शब्द सांगितले, इकडचं तिकडचं बोलले, पाच मिनिटांनी विचारले. तिने तिन्ही सांगितले. उलट्या क्रमानेही सांगितले. मी म्हटलं, “सगळं उत्तम आहे.” तिला आनंद व्हायला हवा होता. ती हॅटची किनार बोटांनी फिरवत बसली. मग विचारलं, “डोळे चांगले आहेत, डोकं चांगलं आहे. मग मी पाहिलं ते काय होतं?”

खोलीत आम्ही दोघीच होतो. दार लावलेलं होतं. सांगायला याहून चांगली जागा आणि वेळ आयुष्यात मिळाली नसती. मी म्हणाले, “कधी कधी होतं असं.”

डॉक्टरकीत माझ्या तोंडून खूप वाक्यं गेली, काही चुकीची, काही उर्मट. याच्याइतकं नीच वाक्य दुसरं नाही.

त्यानंतर दोलोरेसने स्वतःवर विश्वास ठेवणं सोडलं, आणि ते मला माझ्या खिडकीतून दिसत राहिलं. तिने गाडी विकली. गॅसची बटणं ती तीनतीनदा हात लावून बघायची. दुकानात डब्यावरचं नाव स्वतः वाचायची आणि तरी काउंटरवरच्या मुलीला पुन्हा वाचायला लावायची. गावजेवणाचे बीन्स करणं बंद केलं, का तर मीठ दोनदा पडलं तर? लोक म्हणायचे, बघा, तेव्हाच म्हटलं होतं ना. एखाद्या माणसाला एकदा सगळ्यांनी मिळून सांगितलं की तुझं काही खरं नाही, की पुढचा पुरावा तो आपला आपणच गोळा करत जातो.

मी मात्र चांगली होत गेले. वेव्हर संपला, मी गेले नाही. लोक भारावले. मग कितीतरी वर्षांनी ग्रीन कार्ड आलं. व्हिसाची भीती संपली, म्हणजे तोंड बंद ठेवायचं कारणही संपलं. मी काय केलं? मिल्क पावडरचे पेढे केले आणि गल्लीत वाटले. पहिला पेढा दोलोरेसला दिला. तिने माझा गालगुच्चा घेतला. “तू आमच्यासाठी राहिलीस,” म्हणाली. मला इथे कुणी चांगलं म्हटलं की मी विषय बदलते, आणि लोकांना तो माझा विनय वाटतो.

रोज सकाळी सातला मी गल्लीतून चालते. पिवळा आहे, निळा आहे, गुलाबाचा आहे. दोलोरेसचा टॉवेल पांढरा, कँटीनच्या काळातला. तो दिसला की बरं वाटतं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटते. ऐंशी पार केलेली ही बाई जोवर रोज टॉवेल टाकतेय तोवर तिला सांगायला वेळ आहे, असं मी अकरा उन्हाळे स्वतःला समजावत आले.

यंदा गावाच्या इतिहास मंडळाने (मंडळात तीन माणसं आहेत आणि तिघांचं पटत नाही) स्टेशनच्या भिंतीवर गावाची गोष्ट लावायची ठरवली. विहिरींवर एक पान, इंजिनांवर एक, खाणीवर एक. टॉवेलवरचं पान माझ्याकडे आलं. “तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?” मंडळाच्या बाई म्हणाल्या. मी लिहायला बसले. रात्रपाळी लिहिली, फडकं लिहिलं, टॉवेल आत-बाहेर कधी करायचा ते लिहिलं. ‘पूर्वी हे काम दोलोरेस करत असे’ इथपर्यंत आले आणि पुढे सरकेना.

इंग्लिश तपासून घ्यायला मी ते सईला पाठवलं. ती आता ॲन आर्बरला कॉलेजात आहे. दुपारी तिचा फोन आला. “आई, इट्स नाइस. पण डोलोरेसने कीज का दिल्या? यू जस्ट स्किप्ड इट.”

आणि मी सांगून टाकलं. का, ते माहीत नाही. कदाचित ती लांब होती म्हणून, किंवा तिने इतकं सरळ विचारलं म्हणून.

सई म्हणाली, “सो यू लेट हर थिंक शी वॉज लूझिंग इट? फॉर इलेव्हन इयर्स?”

“अगं, तेव्हा तू दुसरीत होतीस. व्हिसाचा प्रश्न होता. तुझ्यासाठीच…”

“डोन्ट पुट दॅट ऑन मी, आई,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “प्लीज. दॅट्स युअर्स.”

फोन ठेवला तेव्हा पाच वाजले होते. मी चप्पल घातली आणि समोर गेले. अंतर पंचवीस पावलांचं असेल. दोलोरेस स्वयंपाकघरात टेबलावर बीन्स निवडत बसली होती, एकटीपुरते, मूठभर. मी समोर बसले आणि मीही निवडायला लागले. मग बोलले. आम्ही इंग्लिशमध्ये बोलतो, जी दोघींच्याही आईची भाषा नाही. त्यामुळे त्यात लपायला जागा कमी असते. वारा, कुंपण, धुणं, पावणेसहा, कठडा. हॉलमधली तिसरी रांग. तक्ता. ‘कधी कधी होतं असं’ हेही सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. एक खडा सापडला तो तिने बाजूला ठेवला.

मग तिने एवढंच विचारलं, “चिमटे किती लावलेस?”

“दोन.”

“वॉल्ट एकच लावायचा,” ती म्हणाली. “आयुष्यभर एकच. त्या दिवशी दोन होते, तेही मी पाहिलं होतं. नंतर वाटलं, तेसुद्धा माझ्याच मनाचं.” तिने बीन्स भांड्यात ओढले आणि उठली. “जा आता.”

मी आले. तिने रडावं, ओरडावं, थोबाडीत द्यावी असं वाटत होतं. म्हणजे निदान माझं तरी काहीतरी फिटलं असतं. त्यातही मी पुन्हा स्वतःचंच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी बाहेर पडले. पिवळा होता. निळा होता. गुलाबाचा होता. दोलोरेसचा कठडा रिकामा.

आठपर्यंत थांबायचा नियम आहे. मी थांबले नाही. पळत रस्ता ओलांडला. दार बडवलं. आतून ओ नाही. पुन्हा बडवलं. जुडग्यातली तिची किल्ली मला सापडेना. अकरा वर्षं हातात असलेल्या किल्ल्या, आणि एकही ओळखीची वाटेना. तिचं वय, रात्रभराचं जागरण, काल मी तिच्या छातीवर नेऊन ठेवलेला धोंडा, एवढंच डोक्यात. घाईत मूठ फिरवली तर दार उघडंच होतं.

ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. हातात कॉफीचा मग. माझं बडवणं सगळं ऐकलेलं.

“आठ कुठे वाजलेत अजून?” ती म्हणाली.

मी भिंत धरली. तिने मान वळवली नाही, खिडकीतून गल्लीकडे बघत होती. मग एकेक सांगायला लागली. “पोस्टासमोर पिवळा. त्याच्या पलीकडे निळा, आज उलटा टाकलाय. कोपऱ्यावर तुझा तो गुलाबाचा, पार विटला बिचारा. चिमटे दोन.” आता तिने माझ्याकडे पाहिलं. “बघ.”

मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले आणि बघितलं. “बरोबर,” म्हटलं.

“निळा?”

“उलटाच आहे.”

“पुन्हा म्हण.”

“बरोबर आहे. तू पाहिलंस ते बरोबर आहे.” आणि मग मला रडू आलं. तिला आलं नाही.

मी जुडगा टेबलावर ठेवला. तिने तो दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला. “मी ब्याऐंशीची आहे,” म्हणाली. “हे आता तूच वाहा. पण माझा टॉवेल यापुढे दिसणार नाही. टॉवेल म्हणजे दार वाजवू नका. तू वाजवायचंस. रोज.”

त्याला आता तीन आठवडे झाले. रोज सातला मी तिचं दार वाजवते. ती खिडकीतून टॉवेल सांगते, मी बरोबर म्हणते. कॉफी देते कधी, कधी देत नाही. तिने मला माफ केलंय का, हे मी विचारलेलं नाही, आणि मिहा म्हणून तिने अजून हाक मारलेली नाही. गल्लीत विचारणा सुरू झाली आहे की दोलोरेसच्या कठड्यावर टॉवेल का नसतो. ती सांगते, डॉक्टरला विचारा.

काल ते पान पुरं केलं. पहिलं वाक्य बदललं. ‘ज्या दिवशी वॉल्ट गेला त्या सकाळी त्याचा टॉवेल मी लावला होता, दोलोरेसने जे पाहिलं ते खरं होतं.’ गाव काय म्हणेल ते माहीत नाही. जुडगा काढून घेतील कदाचित, आणि घ्यायलाच हवा. आज सकाळी मी कागद घेऊन गेले आणि तिला वाचून दाखवला. तिने तो माझ्या हातातून घेतला, लांब धरला, जवळ धरला.

“फार बारीक आहे,” ती म्हणाली. “भिंतीवर लावशील तेव्हा मोठ्या अक्षरात लिही. माझ्यासाठी नको, मला दिसतं. गावासाठी.”